देवळालीचे तीन दिवस

मशीद बंदरातील एका घाऊक व्यापाऱ्याच्या घरी नाताळच्या सुटीचा बेत दरवर्षी ठरे आणि पेढीच्या कामापायी मोडे. यंदा वडिलांना ८१ वे वर्ष लागले आणि त्यांनी देवळालीचे नाव काढले.

कसारा घाट ओलांडला की नाशिकरोडच्या अलीकडचे हे स्थानक. कोरड्या हवेसाठी येथे अनेक आरोग्यभवने उभी राहिली. निवास आधीच ठरवला. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चौविहारापूर्वीच्या भोजनाचीही चौकशी केली. एक दिवस म्हसरूळच्या गजपंथासाठी राखला. सात बलभद्रांच्या या निर्वाणक्षेत्री मुले डोंगर चढतील, आजोबा पायथ्याच्या मंदिरात बसतील. दुसऱ्या दिवशी शेजारचे भगूर, सावरकरांचे जन्मस्थान.

तिसरा दिवस मुलाने रिकामाच ठेवला. ब्रिटिश अमदानीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहणारे सैनिक येथील छावणीत रिकामपणाने भ्रमिष्ट होत; त्यातूनच इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. वडिलांपाशी निवांत बसण्यासाठी मुलाला मात्र तेच रिकामपण हवे होते. पेढीवर तीन दिवसांच्या सुटीची पाटी लागली.