रिकामा बैल

वाइंडिंगच्या धंद्यात चांगल्या मोटरीची ओळख सोपी आहे. जळून आली, भरून दिली आणि गिऱ्हाइकाचं तोंड पुन्हा दिसलं नाही, की मोटर चांगली. रत्नागिरीत तीस वर्षं मी हेच करतो आहे. बागेतल्या विहिरींवरचे पंप, मिक्सर, घरघंट्या, मिरकरवाड्याकडचे बर्फाच्या कारखान्यातले पंखे. इथल्या खाऱ्या, ओल्या हवेपुढे टिकायचं तर मोटर होईल तेवढी चांगली भरायची, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. चांगल्या मोटरीला मागे कसं ठेवायचं, हे मला घराच्या माळ्यावर शिकावं लागलं.

माळ्यावर एक ट्रॅक आहे. प्लायवूडच्या शीट जोडून त्यात सुताराकडून चार खाचा मारून घेतल्या आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी चिकटवली. बोटभर लांबीच्या गाडीच्या नाकाखालचं पातं खाचेत उतरतं, पात्याच्या दोन बाजूंना असलेल्या तारांच्या वेण्या पट्ट्यांवर घासतात आणि मोटरला १२ व्होल्ट मिळतात. हातातला ट्रिगर दाबाल तशी गाडी पळते. वळणावर वेळेत सोडला नाहीत, की गाडी भिंतीवर. सुकाणू नाहीच. याला स्लॉट कार म्हणतात. मी चाकोरी म्हणतो, कारण बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेली चाकोरी आणि ही खाच एकाच जातीची. १९५७ साली इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्यांत विजेची मोटर बसवली आणि ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ म्हणून विकायला आणली. आमच्याकडे तो डबा मामा मस्कतहून घेऊन आले. त्याच्या ट्रॅकमधले लोखंडी रूळ दोन पावसाळ्यांत गंजून गेले. खेळाची खोड मात्र राहिली, म्हणून हा लाकडी अवतार. तांब्यालाही इथे कळंक चढतोच. बायकोने सुचवलं म्हणून एकदा आमसुलाने पट्टी घासली. पट्टी लखलखली, पण आंबट पाणी खाली उतरून चिकटपट्टीच सुटली. आता फक्त बारीक पॉलिश पेपर.

मे महिन्यात मुंबईकर घरी येतात आणि वाडीतली पोरं माळ्यावर जमतात. एका वर्षी मुंबईच्या भाच्याने कुठूनशी मागवलेली तिखट मोटर आणली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोळे विस्फारून पाहिली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच जिंकत होता. तिसऱ्या दिवशी माळ्यावर तो एकटाच होता. तेव्हा ठरवलं, मोटरी माझ्या, सगळ्यांच्या सारख्या. मोठ्या शर्यतींतही ही रीत आहे: आयोजक मोटरी देतात, चिठ्ठी काढून वाटतात आणि शर्यत संपली की परत घेतात.

आधी चाकोऱ्यांकडे पाहिलं. त्या सोप्या निघाल्या. दोन चाकोऱ्यांत ३ इंच अंतर असेल, तर बंद गोलात बाहेरची चाकोरी प्रत्येक फेरीला सुमारे १९ इंच लांब पडते. ट्रॅक लहान असो की मोठा, हा १९चा आकडा हलत नाही. चार चाकोऱ्यांत सगळ्यात आतली आणि सगळ्यात बाहेरची यांच्यात जवळजवळ पाच फूट. मग आठाचा आकडा केला, मध्ये पूल टाकला. एका वळणावर आत असलेला दुसऱ्यावर बाहेर जातो आणि हिशेब फिटतो. वीजही वेगळी केली. चौघांना एकच ट्रान्सफॉर्मर असला, की एकाची गाडी पडताच त्याने ओढलेला करंट सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि शेजारचा, ज्याने काही चूक केलेली नाही, तोही वळणावर उडतो. प्रत्येक चाकोरीला स्वतंत्र पुरवठा दिल्यावर भांडणं निम्मी झाली.

उरली ती मोटर.

वीस मोटरींचं एकच खोकं आणलं. अर्ध्या काडेपेटीएवढ्या, आत तीन दातांचं आर्मेचर, दोन फेराइट चुंबक, दोन कार्बन. खोक्यावर १२ व्होल्टला मिनिटाला १८,००० फेरे छापलेले. टॅकोमीटर लावून एकेक मोजली आणि वहीत लिहिली. सतरा हजार दोनशेपासून साडेएकोणीसपर्यंत. कंपनी एक, खोकं एक, आणि भावंडं अशी. १८,२०० ते १८,४०० मधल्या चार निवडल्या, गाड्यांत घातल्या आणि निर्धास्त झालो.

पोरांनी पहिल्याच संध्याकाळी दाखवून दिलं, की निळी गाडी वळणातून बाहेर पडताना मेलेली असते. आकडा तर सारखा होता! तेव्हा मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेस्त्रींचं एक वाक्य आठवलं. पंप भरून झाल्यावर मी तो नुसता टेबलावर फिरवून खूश व्हायचो. ते म्हणायचे, ‘मेल्या, रिकामा बैल कोणीही पळवतो. जू ठेव त्याच्यावर, मग बघ.’

मोटरीचं शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. चुंबक कमजोर असला, की बिनओझ्याची मोटर हळू नाही, उलट जास्त जोरात फिरते. फिरणारं आर्मेचर स्वतःच उलटी वीज तयार करत असतं आणि ती पुरवठ्याच्या जवळ पोचली की वेग थांबतो. चुंबक मऊ, तर ती उलटी वीज कमी, म्हणून तेवढी गाठायला फेरे जास्त. पण त्याच मऊ चुंबकामुळे पिळण्याची ताकद कमी. टेबलावर घोडा, वळणावर गाढव. मी टॅकोमीटरच्या भरवशावर जो आकडा सारखा केला होता, त्यात एक सशक्त मोटर आणि एक अशक्त मोटर शेजारी बसल्या होत्या.

मग जू बनवलं. दोन मोटरींचे दांडे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्याने जोडले. एक तपासायची, दुसरी नेहमी तीच, जनरेटर म्हणून. दुसरीच्या टोकांना टॉर्चचा बल्ब आणि मल्टिमीटर. पहिलीला १२ व्होल्ट दिले, की ती दुसरीला ओढते, बल्ब लागतो आणि मीटरवरचा आकडा तिचा ओझ्याखालचा वेग सांगतो. या जोडणीवर खोक्यातल्या भावंडांची रांग पार बदलली. साडेएकोणीसची पठ्ठी चौदावी आली.

मोजण्यालाही वेळ पाळावी लागली. तांब्याची तार तापली, की दर अंशाला तिचा रोध ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. ५० अंश चढली तर पाचवा हिस्सा. फेराइटचं चुंबकही तापलं की ढिलं पडतं. सकाळी मोजलेली आणि मेच्या दुपारी माळ्याच्या कौलांखाली मोजलेली मोटर एकच नव्हे. म्हणून आधी ३ व्होल्टवर दोन तास नुसती फिरवून कार्बन कम्युटेटरवर बसू द्यायचे, मग पाच मिनिटं पूर्ण ओझ्याखाली तापवायची, आणि मगच वही उघडायची.

इतकं करून माझ्यातला वाइंडर चुळबुळत होताच. हळू मोटर उघडावी, चार वळसे कमी करून पुन्हा भरावी! साठच्या दशकात अमेरिकेत हा खेळ जोरात होता, तेव्हा हौशी लोक आर्मेचर हाताने भरत आणि जिंकणं पुष्कळसं त्यावरच ठरे. त्यांच्यात मी असतो तर मजा केली असती. पण चार मोटरी एकसारख्या भरणं माझ्याही हाताला जमत नाही. एका दातावर एक वळसा ढिला बसला तरी फरक पडतो. हळू मोटर वर खेचता येत नाही म्हटल्यावर उरतं एकच: जलद असेल तिला खाली आणणं.

तेही करून पाहिलं. मिरकरवाड्याहून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, ठोकून चपट्या केल्या आणि जलद गाडीच्या तळाला चिकटवल्या. पंधरा ग्रॅम. सरळ रस्त्यावर ती खरंच मंदावली. पण वजन इतकं खाली बसलं, की वळणावर गाडी घोरपडीसारखी चिकटून राहू लागली आणि फेरीचा वेळ आधीपेक्षा कमी आला. धाकटा भाचा म्हणाला, ‘मामा, शिक्षा करताय की बक्षीस देताय?’ त्याच आठवड्यात सगळ्या पोरांना शिसं हवं झालं.

शेवटी दुरुस्तीचा नाद सोडला आणि निवड धरली. वीसांतून ओझ्याखाली दोन टक्क्यांच्या आत बसणाऱ्या पाच सापडल्या: चार शर्यतीला, एक राखीव. एक सोडून बाकीच्या खेळण्यांच्या दुरुस्तीला गेल्या. आणि दोन टक्केही उरू नयेत म्हणून प्रत्येक पोराने चारही चाकोऱ्यांतून, चारही गाड्या घेऊन एकेक फेरा करायचा. पहिली गाडी कुणाची, ते चिठ्ठीवर. गावाकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत पाळी ठरवतात तसंच. चिठ्ठ्या वळायचं काम माझं, म्हणून मी शर्यतीत धावत नाही. एकदा धावलो आणि जिंकलो होतो. कुणी काही बोललं नाही. तेच फार लागलं.

अकरा नंबरचं सांगायचं राहिलं. ओझ्याखाली ती बाकीच्यांपेक्षा आठ टक्के पुढे होती. आवाज असा, की मधमाशी डबीत कोंडली आहे. तिला भट्टीजवळ ठेवून तापवली, तर चुंबक उतरेल आणि ती रांगेत बसेल, असं मनात आलं. दोनदा भट्टी लावलीही. दुसऱ्यांदा तिला चिमट्यात धरून उभा राहिलो, मग भट्टी बंद करून जेवायला गेलो.

मृगाच्या आधी ट्रॅक आवरावा लागतो. पट्ट्यांना शिलाई मशीनचं तेल, वर वर्तमानपत्र, मोटरी तांदूळ घातलेल्या बिस्किटांच्या डब्यात. मुंबईकर गेलेले असतात. त्या रात्री आवरण्यापूर्वी मी अकरा नंबर काढतो, निळ्या गाडीत घालतो आणि माळ्यावरचा दिवा तेवढा ठेवून तिसऱ्या चाकोरीत सोडतो. बाहेर वारा सुटलेला असतो. बायको खालून विचारते, अजून पोरं आहेत का वर. मी नाही म्हणतो, आणि ट्रिगर दाबतो.