घरातले दोन चेतक

यावलला आमच्या ओसरीत बाबांची बजाज चेतक अजून उभी आहे. आधी डाव्या बाजूला झुकवायची, मग किक. मी पुण्याहून पैसे पाठवून त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली, तर बाबा नवीवर बाजारात जातात आणि केळीच्या मळ्यात मात्र जुनीच नेतात. माझं डोकंच फिरलं. आपला फंडा सिम्पल आहे, बॉस! नवं आलं की जुनं आउट. मोबाइलचं तेच, लॅपटॉपचं तेच.

दिवाळीत दादा सुट्टीवर आला. तो लष्कराच्या हवाई शाखेत टेक्निशियन आहे आणि त्याच्याकडेही चेतकच. म्हणजे हेलिकॉप्टर! मूळ फ्रेंच अलुएत-३, आपल्या हवाई दलात आलं 1962 मध्ये. 2022 मध्ये त्याची साठी झाली, रीतसर सोहळा करून. त्याचा भाऊबंद चीता. याच चीताच्या फ्रेंच अवतारानं 1972 मध्ये 12,442 मीटर उंचीचा विक्रम केला होता. सियाचीनच्या चौक्यांवर रसद पोचवायची आणि आजारी जवान खाली आणायचे, तर हेच हलकं यंत्र वर्षानुवर्षं कामी आलंय.

"मग नवीन का नाही घेत?" मी भरीत-पुरीवर ताव मारत विचारलं.

"घेतोय की. ध्रुव 2002 पासून येतोय. पण तुझ्या ऑफिससारखं नसतं रे. शुक्रवारी सर्व्हर बंद, सोमवारी नवा चालू!" दादा हसला. पायलटला नव्या मशिनवर पुन्हा शिकावं लागतं. आमच्यासारख्यांना नट-बोल्टपासून सुरुवात. सुटे भाग साठवायचे, हत्यारं बदलायची. तोवर डोंगरावरचा जवान थांबतो का? म्हणून एक तुकडी बदलते, तेव्हा बाकीच्या जुन्यावर उडत राहतात. चीताची जागा घ्यायला बनवलेलं हलकं स्वदेशी हेलिकॉप्टर 2016 मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याला सुरुवातीची मंजुरी मिळाली 2020 मध्ये. एवढा वेळ लागतो.

आणि नव्यालाही ताप येतो. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचा ध्रुव कोसळला आणि देशभरातले ध्रुव जमिनीवर आले. लष्कराच्या ध्रुवना पुन्हा परवानगी मिळाली ती मे महिन्यात. "तेव्हा म्हातारेच धावले ना?" दादा बाबांकडे बघून म्हणाला. बाबा काय खूश!

वहिनी मात्र हसली नाही. ती पुऱ्या लाटतच होती. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात कधीकधी दादाही बसतो, हे तिला माहितेय. ऑक्टोबर 2022 मध्ये तवांगजवळ चीता पडला, मार्च 2023 मध्ये पुन्हा अरुणाचलमध्येच. 2015 मध्ये तर लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकांनी ही जुनी हेलिकॉप्टरं थांबवा, अशी मागणी मनोहर पर्रीकरांपर्यंत नेली होती. ते तेव्हा संरक्षणमंत्री होते. दादाचं सगळं लॉजिक मला पटलं होतं. पण पोळपाटावरची ती शांतता बघून आपण एकदम गप्प झालो, यार.

भाऊबीजेनंतर दादा निघाला. बसस्टँडवर सोडायला बाबांनी सवयीनं जुनी चेतक झुकवली.

"बाबा," वहिनी दारातून म्हणाली, "आज नवी घ्या ना."

बाबांनी मुकाट्यानं चावी बदलली.