जाऊन येते

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्या जिल्ह्यात लेकरांनाही पाठ असतं. मी मात्र सेलूत बसून जपानीच्या नादी लागले. जवळपास शिकवणी मिळाली नाही, म्हणून मोबाइलमधलं ॲपच मास्तर. रात्री जेवणं आटोपली की कानात हेडफोन घालून पुटपुटत बसायची. “कोणाशी बोलू लालीस गं?” आजी विचारायची.

हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 अक्षरं, महिनाभरात डोक्यात बसली. ‘त्सु’ला तर कष्टच नाहीत, आपल्या चुलीतला ‘चु’ जवळपास तोच. गाडी अडली वाक्यांपाशी. ॲप इंग्रजीतून शिकवायचं. जपानी वाक्य मी मनात इंग्रजीत उलटं करायची, परत सुलटं करायची, आणि या खटाटोपात ‘ओ’ या प्रत्ययाच्या जागी ‘नी’ टाकून बसायची.

एका रात्री लाइट गेली, मोबाइलही मान टाकायला आला. मेणबत्तीच्या उजेडात वही उघडली आणि ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’च्या खाली सरळ मराठी लिहीत गेले: मी भात खाते. क्रम तोच! ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. ‘इइ देसु ने’ म्हणजे छान आहे नं. सेलूहून मानवतला जायला मी इतके दिवस लंडनचा वळसा घेत होते.

मग ‘अंकी’ हे कार्डांचं सॉफ्टवेअर घेतलं. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. येणारं कार्ड चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने तोंड दाखवतं. न येणारं लगेच मानगुटीवर. कार्डांमागचं इंग्रजी काढून मी मराठी टाकलं. कांजी, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांपुढे, मराठीचंही काही चालेना. झाडाचं चिन्ह दोनदा काढलं की राई, तीनदा काढलं की रान, इथवर गंमत. पुढे नुसती घोकंपट्टी.

घरातून निघताना म्हणायच्या ‘इत्तेकिमासु’ची मात्र फोड केली आणि हसूच आलं. इत्ते, जाऊन, किमासु, येते. उंबऱ्यात आजी कायम टोकायची, “जाते म्हणू नाही बाई, येते म्हण.”

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात जपानीची एन-5 परीक्षा होती. तिच्यात बोलायचं काहीच नसतं, सगळे पर्यायांचे प्रश्न. त्यामुळे माझं बोलणं घरातच व्हायचं. शनिवारी पिशवी उचलून मी म्हटलं, “इत्तेकिमासु.”

आजी मेथी निवडत होती. वरही न बघता म्हणाली, “जाऊन ये.”

‘इत्तेराश्शाइ’च्या कार्डामागे मी हेच दोन शब्द लिहिले होते.