आवाज फाटला तेव्हा

गाडीतल्या टेपचं आवाजाचं बटण एकदम शेवटपर्यंत फिरवायचा मोह तुम्हाला कधी झालाय? मला झाला होता!

१९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या जानेफळहून एक वऱ्हाड मेहकरला गेलं होतं. माझ्या चुलतभावाने, दादाने, पै-पै साठवून आपल्या जीपमध्ये नवा टेप आणि स्पीकर बसवले होते. टेपच्या खोक्यावर छापलं होतं '१०० वॅट'.

रात्री मोठी माणसं जेवायला बसली. जीपचं इंजिन बंद, दिवे मात्र चालू. आम्ही पोरांनी नाचायला गाणं लावलं. आवाज कमी वाटला म्हणून मी बटण फिरवलं. आवाज वाढला नाही, नुसता फाटला. मी आणखी फिरवलं. थोड्या वेळाने जळका वास आला आणि गाण्यातली झांज ऐकू येईनाशी झाली. मी मुकाट्याने टेप बंद केला.

दुसऱ्या दिवशी दादा भडकला. "दुकानदाराने फसवलं! चल माझ्यासोबत."

दुकानदार काकांनी छोटा स्पीकर उघडला. आतल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं काळं पडलं होतं. "हा कुणीतरी ताणून वाजवलाय," काका म्हणाले. "मी कशाला ताणू?" दादा ओरडला. शब्दाला शब्द वाढला. माझ्या पोटात गोळा आला. शेवटी मी बोललो, "काका, मी वाजवला."

दोघेही गप्प झाले. मग काकांनी कागदावर लाटा काढल्या. "बॅटरी १२ व्होल्टची. हे या टेपचं छप्पर समज. बुटक्या घरात उंच उडी मारली तर काय होईल?"

"डोकं आढ्याला आपटेल!"

"तसंच लाटेचं. बटण जास्त फिरवलं की तिचा माथा कापला जातो आणि ती सपाट होते. सपाट लाट वेटोळ्याला सतत पुरा दाब देते, म्हणून ते तापतं. शिवाय कापलेल्या कडांतून नवे बारीक सूर निघतात. ते थेट छोट्या स्पीकरकडे जातात आणि त्याची तार तर सगळ्यांत बारीक!"

मग त्यांनी हिशोब करायला लावला. १२ चा वर्ग १४४. स्पीकर ४ ओहमचा; त्याच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागा. आले १८! एका स्पीकरला स्वच्छ आवाज जेमतेम १८ वॅटचा. इंजिन बंद, दिवे चालू आणि तार बारीक असेल, तर १२ चे १० व्होल्टच पोचतील. मग उरले साडेबारा वॅट. इंजिन चालू असताना मात्र सुमारे १४ व्होल्ट मिळतात. खोक्यावरचे १०० वॅट खोक्यावरच राहिले!

काकांनी नवा छोटा स्पीकर बसवला. बॅटरीपासून जाड तार टाकली आणि बॅटरीजवळच फ्यूज लावला. पैसे दादाने भरले. त्याबदल्यात महिनाभर दर रविवारी जीप मी धुतली.

मोठ्या मशीननेच स्पीकर जळतो, असं पुष्कळांना वाटतं. पण लहान मशीन ताणलं तरीही तो जळतो. म्हणून दोस्तांनो, आवाज फाटला की लगेच बटण मागे घ्या. आणि चूक झाली असेल तर दुकानापर्यंत जायची वाट बघू नका. मी घरीच बोललो असतो, तर त्या भल्या माणसाला दादाचं बोलणं ऐकावं लागलं नसतं.