ड्युटीवर कोण होतं?

दवाखान्यात काही विपरीत घडलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "ड्युटीवर कोण होतं?" आमच्या केजमध्येही तोच. प्रश्न रास्त आहे, पण तेवढाच विचारून थांबलो तर पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली. निलंबन झालं, दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आपल्या शेजारच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. पुन्हा निलंबन, एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक. वायरिंग तपासायचं, आग विझवायची यंत्रणा बसवायची, त्याला पैसे मंजूर करायचे, यातलं काय परिचारिकेच्या हातात असतं?

बाळंतपणात आई दगावली तर सरकारी नियमाप्रमाणे माता मृत्यू अन्वेषण होतं. त्याचं तत्त्व आहे: नाव नको, दोषारोप नको. समजा, केजहून अंबाजोगाईला नेताना एक बाळंतीण रक्तस्रावाने गेली. तिथे विचारायचं असतं की घरातून निघायला उशीर झाला, गाडी मिळायला झाला, की पोचल्यावर रक्त मिळायला? उत्तर खरं हवं असेल तर सांगणाऱ्याला नोकरीची भीती नको.

रोजचं उदाहरण घ्या. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून पटकन दिलं तर हृदय बंद पडतं. त्याची कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखी दिसत असेल आणि सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं, तर तिने ते मोकळेपणी सांगायला हवं. मेमो मिळणार म्हणून ती गप्प बसली, तर कुप्या त्याच खणात राहतात.

पण सगळ्यांनाच माफी, असं मी म्हणत नाही. दारू पिऊन कामावर येणारा, मागाहून केसपेपरवर खाडाखोड करणारा, धोक्याचं पत्र फाइलला लावून विसरणारा साहेब, यांनी जबाब दिलाच पाहिजे. साहेबाने तर आधी. (अटक मात्र सहसा खालून सुरू होते.)

तुमच्यावर वेळ आलीच, तर ड्युटीवर कोण होतं हे जरूर विचारा. सोबत लेखी विचारा की त्या पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, यंत्र शेवटचं कधी तपासलं आणि आता काय बदललं. केसपेपरची प्रतही मागा. ती 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.