मालवणात समुद्राचा क्लास

मालवणला जाणाऱ्यांची लिस्ट ठरलेली असते. किल्ला, तारकर्ली, स्नॉर्केलिंग, सुरमई थाळी आणि परतीच्या बॅगेत आगळाची बाटली. आमचीही तीच होती. शुक्रवारी ऑफिसमधून थेट कोकणकन्या, सकाळी कुडाळ, मग तासाभरात मालवण जेट्टी. ऑक्टोबर होता, होड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव बघितल्या. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि विहिरींना गोडं पाणी! कुणीतरी 'चमत्कार' म्हणालं, आम्ही फोटो काढले. आमच्या होमस्टेच्या काकांची मुलगी सोबत होती, ती हसली. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सचं एमएस्सी करते म्हणे.

"चमत्कार कसला? वजनाचा खेळ आहे."

समुद्राचं पाणी क्षारांमुळे गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. समुद्रपातळीच्या वर फूटभर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० फूट असतं, हे पुस्तकातलं गणित. पण पंप लावून भसाभसा उपसा, की खालून खारं पाणी वर सरकलंच. १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं, तेव्हा जागा हेरणाऱ्यांनी आधी पाणीच बघितलं असणार. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असा एकजण हवा होता!

दुसऱ्या दिवशी स्नॉर्केलिंग. १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध. मासेमारीच बंद झाली तर खायचं काय? तिचं घरही त्यातलंच. बाबा होडीवाले, आजोबा रापणीवर जायचे. पाण्यात उतरण्यापूर्वी तिने एकच दम भरला : "प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड नाही, जिवंत आहे." आमच्यातल्या दोघांनी पाय वर घेतले.

खरी मजा त्यानंतर. होडी आणखी आत नेली, खोली वीसेक मीटर. तिने दोरीला बांधलेली नळी सोडून तळाचं पाणी वर आणलं. एका बाटलीत ते, दुसरीत पृष्ठभागाचं. दोन्हींत दोन-दोन रसायनांचे थेंब. वरच्या पाण्यात चॉकलेटी साका जमला. तळाच्या पाण्यात फिक्कट, जवळजवळ पांढरा.

"चॉकलेटी म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढरा म्हणजे नाही."

भानगड अशी. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड पाणी वर चढतं. त्यात पोषक द्रव्यं भरपूर, ऑक्सिजन मुळातच कमी. वरून पावसाच्या हलक्या पाण्याचं झाकण. प्लवंग माजतात, मरून तळाशी जातात, कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी मासळी टिकत नाही. म्हणजे ज्या पाण्यामुळे बांगडा-तारली पोसतात, तेच तळातल्या माशांचा श्वास कोंडतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक गोव्यात कांदोळीसमोर हे १९९०च्या दशकापासून मोजतायत. किनाऱ्यावरून वाहून येणाऱ्या खतांमुळे प्रकार वाढतोय, असं त्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं.

संस्था १९६६ची, आणि मालवणहून तीनेक तासांवर. तरी तिच्या बॅचमध्ये मालवणातली ती एकटीच. बाकीची हुशार मुलं पुण्याला, आयटीत. तिलाही पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आहे, डेटा ॲनालिसिसची. डिसेंबरपर्यंत कळवायचंय. इथे राहिली तर आधी प्रोजेक्टवरची नोकरी, तीही कॉन्ट्रॅक्टवर, मग जमलं तर पीएचडी. पगाराचा आकडा तिने सांगितला. आम्ही वीकेंडला तेवढे उडवतो, हे सांगायला मला लाज वाटली.

"तुम्ही काय केलं असतं?" तिने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी तर कॉमर्सवाला.

रात्री जेवताना काका सोलकढी वाढत तिला म्हणाले, "इतक्या शिकान करतलंस काय? माशे मोजतलंस?" ती काही बोलली नाही. काकू म्हणाल्या, हे रोजचंच आहे.

सकाळी सहाला आम्ही बॅगा बांधत होतो, तर काका होडीत बाटल्यांचा क्रेट ठेवत होते. एकेक बाटली मध्ये फडकं घालून, एकमेकींवर आपटू नये म्हणून. डिझेलचे पैसे ती प्रोजेक्टमधून देणार होती, ते त्यांनी घेतले नव्हते.