माहीम कोणतं? शोधणाऱ्याला सापडेल असा मथळा कसा लिहावा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी आपाकडे गेलो होतो. ही माझी चुलत बहीण, पालघरजवळच्या माहीमला राहते. मुलं मोठी झाल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्या तिनं पाहुण्यांसाठी तयार केल्या. समुद्र जवळ, मागे वाडी, आणि तिच्या हातचं जेवण. शनिवार-रविवारी मुंबई-वसईकडून कुटुंबं येतात.

त्या दिवशी दुपारी दीडला फोन वाजला. जेवण तयार होतं, पाहुण्यांचा पत्ता नव्हता. पलीकडून एक गृहस्थ वैतागून बोलत होते, "आम्ही माहीमला उतरलोय. सोबत आई आहे, त्यांना चालवत नाही. तुम्ही म्हणालात रिक्षा मिळेल. इथे तर रिक्षाच नाही, सगळ्या टॅक्स्या!"

आपानं कपाळाला हात लावला. मुंबई शहराच्या हद्दीत रिक्षा चालत नाहीत. ते कुटुंब मुंबईच्या माहीम स्टेशनवर उभं होतं. आपाचं माहीम तिथून रेल्वेनं सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर, पालघरला उतरून पुढे पश्चिमेला आठ-दहा किलोमीटर. त्यांना आता पुन्हा गाडी पकडून विरारच्याही पुढे यायचं होतं, म्हाताऱ्या आईला घेऊन. ते आले नाहीत. आपानं आगाऊ घेतलेले पैसे परत केले. पैशांचं तिला फारसं वाटलं नाही. "त्या माऊलीला उन्हात उभं राहावं लागलं," एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली.

संध्याकाळी भाच्यानं लॅपटॉप उघडला. तो बोईसरला एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. आपाच्या खोल्यांचं इंटरनेटवरचं पान त्यानंच बनवलंय. मथळा होता, 'स्वागत आहे! माहीम बीच होम स्टे'. पत्त्यात 'पालघर' लिहिलेलं होतं, पण अगदी तळाशी. तिथवर कोण वाचतो?

एका नावाची दोन गावं

हा घोळ आजचा नाही. 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1924 साली छापली, तेव्हापासून त्यातलं माहीम नेमकं कोणतं, केळव्याशेजारचं की मुंबईचं, यावर अभ्यासक वाद घालत आलेत. इंग्रजांनी 1882 साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं, त्यात आमच्या गावाची नोंद शेजारच्या गावाला जोडून 'केळवे-माहीम' अशी केली. लोकही तसंच म्हणत. 'केळवे-माहीमची पानं' म्हटलं की पानाच्या व्यापाऱ्याला दुसरं काही विचारावं लागत नसे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्लाही याच माहीमचा.

दुसरीकडे मुंबईचं माहीम म्हणजे मखदूम अली माहिमींचं माहीम. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे मोठे आलिम. कुरआनचं भाष्य लिहिणारे. डिसेंबरात त्यांच्या दर्ग्याचा मेळा भरतो आणि त्यात संदलचा मान मुंबई पोलिसांचा असतो. एवढ्या मोठ्या नावापुढे नुसतं 'माहीम' टाइप करणाऱ्याला आमचं गाव कुठून दिसणार?

भाचा हुशार. तो म्हणाला, "मामू, मग उलटं करू या ना. मथळ्यातच टाकू, 'माहीम दर्गा, राहण्याची स्वस्त सोय'. हजारो लोक ते शोधत असतील. शंभरातले दोन जरी आपल्याकडे वळले तरी खोल्या भरतील."

मी काही बोलण्याआधी आपा बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "दर्ग्याला निघालेल्या माणसाला तू पालघरला आणणार? आज एक म्हातारी चुकून तिथे उभी राहिली. उद्या तू मुद्दाम उभी करशील."

भाचा म्हणाला, "अम्मी, सगळेच करतात."

"बाजारात सगळेच वर चांगला आणि खाली भिजलेला माल लावतात," आपा म्हणाली. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या पैगंबरांची हदीस आम्ही लहानपणी एकाच मदरशात ऐकली होती. त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं होतं की भिजलेलं धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे. मथळा म्हणजे ढिगाचा वरचा थर. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

मथळा काय काम करतो

मग आम्ही तिघं बसलो. भाच्यानं मला जे समजावलं आणि मी नंतर वाचून पडताळलं, ते साध्या शब्दांत सांगतो.

शोधणाऱ्याला आपलं पान आधी दिसत नाही. त्याला दिसते निळ्या अक्षरांची एक ओळ. वर-खाली तशाच आणखी नऊ-दहा. त्या ओळीवरून तो दोन क्षणांत ठरवतो, हे माझ्या कामाचं आहे की नाही. ओळीला किती अक्षरं हवीत याचा नियम गूगलनं घालून दिलेला नाही. पण पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढीच दिसते, बाकी कापली जाते. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी. 'स्वागत आहे' हे घरी आलेल्या पाहुण्याला म्हणायचं, रस्ता विचारणाऱ्याला नाही.

दुसरं, प्रत्येक पानाला वेगळा मथळा हवा. आपाच्या खोल्या, जेवण, येण्याची वाट अशा तीन पानांना भाच्यानं एकच मथळा चिकटवला होता. तिसरं, एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबायचा नाही. 'माहीम बीच, माहीम रूम, माहीम हॉटेल, माहीम स्वस्त' अशी ओळ माणसालाही खोटी वाटते आणि गूगलही ती टाळा असंच सांगतं. आणि चौथं, मथळा आणि आतला मजकूर यांचा मेळ हवा. ऑगस्ट 2021 मध्ये गूगलनं जाहीर केलं होतं की आपण दिलेला मथळा पानाला शोभत नसेल तर ते पानावरचाच दुसरा मजकूर उचलून तिथे दाखवू शकतात. म्हणजे खोटं बोलून फार पुढे जाता येत नाही.

राहिला शुद्धलेखनाचा प्रश्न. लोक माहीम लिहितात, माहिम लिहितात. केळवे, केळवा, केलवाही लिहितात. निम्मे तर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. सगळी रूपं मथळ्यात घातली तर चिवडा होईल. एक ठाम रूप मथळ्यात ठेवायचं, बाकीची आतल्या वाक्यांत सहज येऊ द्यायची.

शेवटी मथळा ठरला, 'केळवे-माहीम (पालघर) : समुद्राजवळ मुक्काम आणि घरगुती जेवण'. येण्याच्या वाटेचं पान वेगळं केलं, 'केळवे-माहीमला कसं यायचं : पालघर स्टेशनवरून'. त्यातलं पहिलंच वाक्य आपानं सांगितलं, "हे मुंबईचं माहीम नव्हे." गॅझेटियरवाल्यांनी जे 1882 साली केलं तेच आम्ही केलं. शेजाऱ्याचं नाव जोडलं.

माझी स्वतःची चूक

आपाच्या पानावर मी इतका वेळ बोलतोय, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता. आमच्या घरातल्या बायकांच्या कागदांवरची नावं. एकीकडे नावापुढे 'बी', दुसरीकडे 'बेगम', तिसरीकडे काहीच नाही. शेख कुठे शैख. एक वेलांटी चुकली म्हणून निराधार बाईचा अर्ज परत येतो, हे मी पाहिलं होतं. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, राजपत्रात नावाच्या बदलाची नोंद कशी करायची, कोणता कागद आधी दुरुस्त करायचा, सगळं त्यात लिहिलं होतं. आणि मथळा दिला होता, 'एका वेलांटीची गोष्ट'. मला तो फार आवडला होता. मित्रांनीही कौतुक केलं.

मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या खालाचं तेच काम अडलं. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. तिच्या सुनेनं मोबाइलवर शोधलं. तिनं काय टाइप केलं असेल? 'रेशन कार्ड आधार नाव वेगळे काय करावे.' तिला माझा लेख सापडला नाही. कसा सापडणार? मथळ्यात ना रेशनकार्ड होतं, ना आधार, ना नावदुरुस्ती. एका दलालानं खालाकडून पैसे घेतले आणि चार महिने फिरवलं. ईदला भेटल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला शीरखुर्मा तसाच राहिला. उत्तर माझ्या घरात होतं. मी त्यावर सुंदर झाकण ठेवलं होतं.

त्या लेखाचा मथळा मी बदललाय. आता तो आहे, 'आधार आणि रेशनकार्डावर नाव वेगळं असेल तर काय करायचं'. 'एका वेलांटीची गोष्ट' आत, दुसऱ्या ओळीत गेली. कुणी साहित्यिक मित्र म्हणाला, बातमीसारखं झालं. होऊ दे.

एक मोह अजून सांगायला हवा. मथळ्यात 'मुस्लीम' शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की माणसं येतात, हे मी अनुभवलंय. पण ती भांडायला येतात. दोन ओळी वाचतात, शिवी देतात, जातात. ज्या बाईला आपल्या नावातली वेलांटी दुरुस्त करायची आहे, ती त्या गर्दीत शिरत नाही. किती आले हे मोजता येतं. ज्याला गरज होती तोच आला का, हे कुठला आकडा सांगत नाही.

म्हणून आता मी लेख संपल्यावर एकच गोष्ट करतो. खालाची सून डोळ्यांसमोर आणतो. रात्रीची वेळ, हातात जुना मोबाइल, आणि डोक्यात एक अडचण. ती कोणते शब्द टाइप करेल? ते शब्द माझ्या लेखात खरोखर असतील, तर मथळ्यात घालतो. नसतील, तर घालत नाही.

परवा आपाचा फोन आला. पाहुणे वेळेवर पोचले होते. त्यांनी निघण्याआधी फोन करून विचारलं होतं, "म्हणजे पालघरलाच उतरायचं ना?" आपा म्हणाली, "हो, पालघरलाच. जेवायला काय करू?"